दाताखाली

सकाळच्या मीटिंगला अजून वेळ होता. पूनम स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहून दह्यात कालवलेला ग्रॅनोला खात होती, आणि तिच्या दाताखाली काहीतरी आलं. बदाम नव्हता. बदाम आधी जरा अडून बसतो आणि मग एकदम फुटतो. हे फुटेना. खडा असेल म्हणून तिनं जिभेनं ते पुढं ओढलं, चिमटीत धरून नळाखाली नेलं. दही वाहून गेलं, जवसाचे दोन दाणे वाहून गेले आणि तळहातावर दात उरला. माणसाचा. दाढ. वरून झिजून सपाट झालेली, पिवळट, आणि खाली मुळाचे दोन वाकडे पाय. खिडकीखाली, पुण्याच्या वाकड भागातल्या चौकात, नेहमीसारखे हॉर्न वाजत होते. समोरच्या टॉवरच्या एका गॅलरीत कुणी बाई टॉवेल झटकत होती. पूनमनं नळ बंद केला आणि पहिली गोष्ट केली ती ही, की जीभ आपल्या दातांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. सगळे होते. पुन्हा फिरवली. सगळे होते, पण आता तेही तिला परक्याचे वाटायला लागले, कुणीतरी तोंडात ठेवायला दिलेले.

किंचाळली नाही ती. दात टिश्यूत गुंडाळला आणि मसाल्यांच्या मागं सरकवून ठेवला. मग ती बरणीसमोर उभी राहिली. ही बरणी तिच्या अभिमानाची होती. नवऱ्याचं, जयदीपचं, कोलेस्टेरॉल वाढलं आणि सासूबाईंची शुगर हाताबाहेर गेली, तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंकडून तिनं सगळं समजून घेतलं होतं. बाजारातल्या पाकिटावर पुढच्या बाजूला पौष्टिक लिहिलेलं असतं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात साखर असते. म्हणून ती घरीच करायची. ओट्स, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, जवस, बदाम, अक्रोड, थोडं खोबरेल, अगदी बेताचा गूळ, दालचिनी. मंद आचेवर ओव्हनमध्ये भाजायचं, मध्ये एकदा हलवायचं, पण गार होईपर्यंत हात लावायचा नाही, म्हणजे खडे जमतात. पोट भरलेलं राहतं, कोठा साफ राहतो, मात्र मूठभरच खायचा, कारण जडही तितकाच. सोसायटीतल्या बायकांना ती सांगायची, की दह्यावर घाला, खजुरात मळून लाडू करा, शिऱ्यावर भुरभुरा, उरलेला चुरा घावनाच्या पिठात टाका. शेजारच्या भाग्यश्रीला तर ती डबाच भरून द्यायची. आता त्या बरणीकडं बघताना तिच्या डोक्यात कारखान्यातल्यासारखा शोध सुरू झाला. ओट्सच्या पाकिटातून आला असेल? सुक्यामेव्याच्या दुकानातून? पण मग दात भाजला गेला असता, करपला असता, खोबरेल प्यायला असता. हा कोरडा होता. मनुका ती भाजून झाल्यावर वरून घालते, नाहीतर त्यांचा कोळसा होतो. दातही नंतरच घातला गेला होता. म्हणजे इथं. या घरात.

घरात तीन माणसं. जयदीप जेवणाच्या टेबलाशी बसला होता, चाकणच्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, डावा हात मोबाइलवर, उजवा चमच्यावर. तो फोनवर कुणाला तरी म्हणत होता, "अरे भावा, लाइन थांबलीय तर थांबू दे, मी येतोच," आणि बोलताना त्याचे दात दिसत होते, एकसारखे, खणखणीत. त्याच्या समोर त्याची आई, कौशल्याबाई. नऊवारीतून सहावारीवर या फ्लॅटमध्ये आल्यावरच आलेल्या. वाटी हनुवटीपाशी धरून, ओठ मिटून हळूहळू खात होत्या. पूनम बघत राहिली. तिच्या लक्षात आलं, की आपण या बाईचं तोंड गेल्या कित्येक महिन्यांत पाहिलेलं नाही. हसल्या की पदर तोंडावर जातो. बोलतात त्या ओठांच्या फटीतून, मान खाली घालून. ती त्याला दिघीच्या जुन्या घराण्याची मर्यादा समजत आली होती. तिच्या माहेरी, पिंपळे गुरवच्या पत्र्याच्या खोलीत, असली मर्यादा नव्हती. तिची आई तोंडभर हसायची आणि मराठवाड्याच्या हेलात शिव्याही द्यायची. लहानपणी दात पडला, की वडील पूनमला कडेवर घेऊन तो पत्र्यावर फेकायला लावायचे. टण् असा आवाज यायचा, मग घरंगळत आल्याचा, मग काहीच नाही. वर कुठंतरी आपले सगळे दात पडलेले आहेत, पावसापाण्यात, एवढं तिला झोपताना आठवायचं आणि ती पांघरूण डोक्यावरून घ्यायची.

"काय बघतीस गं?" कौशल्याबाईंनी विचारलं. ओठ हलले न हलले.

"काही नाही आई. गोड कमी झालाय का?"

"न्हाई. ब्येस हाय."

त्या दिवशी मीटिंगमध्ये कुणीतरी पडद्यावर आकडे दाखवत होतं आणि पूनमला वडिलांचं सावडणं आठवत होतं. भाऊ नव्हता, म्हणून तीच गेली होती, नदीकाठच्या स्मशानभूमीत, सकाळच्या धुक्यात. राख अजून कोमट होती. बरोबरचे काका म्हणाले, हात घाल, भिऊ नको, बापच आहे. तिनं हात घातला. राखेचा स्पर्श मऊ असेल असं तिला वाटलं होतं, पण ती खरखरीत होती, खड्यांची, बोटांमध्ये कुरकुरणारी. आणि त्या खड्यांत काहीतरी गुळगुळीत लागलं. काकांनी ते तिच्या तळहातावरून उचलून मडक्यात टाकलं आणि सहज म्हणाले, दात जळत नसतात गं पोरी. त्यानंतर कितीतरी दिवस तिला कुठलंही कुरकुरीत खाणं नको व्हायचं. मग तेही विसरलं. माणूस विसरतोच. ओव्हनच्या ट्रेमधला गार झालेला ग्रॅनोला ती बोटांनी फोडायची तेव्हा तिला कधीच काही आठवलं नव्हतं. आज आठवलं, आणि टेबलाखाली तिनं हात तीनदा पुसला असेल, ओढणीला, खुर्चीला, पुन्हा ओढणीला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः काही खाल्लं नाही. पोट बिघडलंय म्हणाली. चहाचा कप घेऊन टेबलाशी बसली आणि ऐकत राहिली. जयदीप खात होता. त्याच्या जबड्यातून कुरकुर येत होती, भरभर, गडबडीतली, वाळूवरून कुणी पळत गेल्यासारखी. तो घोट घ्यायला थांबला. आणि तो थांबला त्या क्षणी टेबलावर पूर्ण शांतता झाली. समोर कौशल्याबाईंचा जबडा हलत होता. गाल हलत होते, कानाजवळची शीर हलत होती, चमचा वाटीत जात होता, वर येत होता. आवाज नव्हता. आवाज बंद केलेल्या टीव्हीतल्या माणसासारखी पूनमची सासू खात होती. जयदीपनं पुन्हा घास घेतला, कुरकुर सुरू झाली, आणि पूनमला कळलं की ही बाई रोज त्याच्याच आवाजाच्या आडोशाला बसून खाते. तो चावतो तेव्हा ही जबडा हलवते, आणि घरातल्या सगळ्यांना दोघं खाताहेत असं वाटतं. आपल्याला वाटत आलं आहे. किती दिवस? तिनं कौशल्याबाईंच्या हाताकडं पाहिलं. हातातल्या बांगड्या मनगटावर राहत नव्हत्या; वाटी उचलली की थेट कोपराकडं धावत होत्या. हे तिला दिसलं नव्हतं असं नाही. भाग्यश्री म्हणाली होती, "तुझ्या सासूबाई किती छान बारीक झाल्या गं," आणि पूनमला आनंद झाला होता. शुगर उतरली होती, ती उतरणारच होती. आहारतज्ज्ञ बाईंनीसुद्धा फोनवर शाबासकी दिली होती.

जयदीप गेला. कौशल्याबाई वाटी घेऊन उठल्या, दुसरा हात पदराखाली, आणि गॅलरीत गेल्या. पूनम अनवाणी त्यांच्या मागं गेली, पडद्याआड उभी राहिली. कौशल्याबाईंनी पदराखालून रुमाल काढला. त्यात ओला गोळा होता, चघळून चघळून मऊ झालेला, तरी न गिळलेला. तो त्यांनी कुंडीच्या कडेला ठेवला. जाळीबाहेर कबुतरं आधीच येऊन बसली होती. ती रोज याच वेळी का येतात हे कोडं पूनमला पडलेलं होतंच. मग कौशल्याबाईंनी वाटीतलं उरलेलं दूध पिऊन टाकलं, घटाघटा, तहानेनं नव्हे, भुकेनं. वाटीचा तळ बोटानं पुसून ते बोट चोखलं. पूनमनं आयुष्यात पहिल्यांदा भूक इतक्या जवळून पाहिली, तीही भोपळ्याच्या बिया आणि अक्रोडांनी भरलेल्या आपल्या घरात, आणि तिला दया येण्याच्या आधी भीती वाटली.

"आई," ती म्हणाली.

कौशल्याबाई दचकल्या नाहीत. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दिसलं व्हय?"

"तोंड उघडा, आई."

"कशाला?"

"उघडा ना. मला बघू दे."

त्या वळल्या. ओठ आधी थरथरले, मग एकमेकांपासून सुटले. पुढचे दोनचार दात तेवढे उभे होते, दार राखायला बसवलेल्या माणसांसारखे. त्यांच्यामागं काही नव्हतं. लालसर, सुजलेल्या हिरड्या, एका जागी ताजी खाच, आणि आत अंधार. सकाळच्या त्या लख्ख उजेडातही तो अंधार तसाच राहिला. पूनमला वाटलं, आपण विहिरीत वाकून बघतोय आणि खालून कुणीतरी आपल्याकडं बघतंय. तिनं नजर काढून घेतली आणि मसाल्यांच्या मागची पुरचुंडी आणून समोर धरली.

"हा तुमचा?"

"माजाच की. दुसऱ्या कुनाचा असनार?"

"बरणीत पडला?"

"पडला न्हाई. मी टाकला."

पूनम खालीच बसली, गॅलरीच्या उंबऱ्यावर. कौशल्याबाईही कुंडीला धरून टेकल्या. आणि बोलल्या त्या हळूहळू, शब्द हिरड्यांवरून घसरत घसरत, पण त्यात रडं नव्हतं. शुगरनं हिरड्या सैल झाल्या होत्या. एकेक दात रक्त न येता, फळ देठातून सुटावं तसा हातात यायचा. सुरुवातीला एकदा त्यांनी जयदीपला म्हटलं होतं, मला दुधात कुस्करून भाकरी दे. तो म्हणाला होता, आई, पुन्हा तेच? डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? हे खा, याच्यात ताकद आहे. ते पूनमलाही आठवलं. तीही तिथंच होती, आणि तिनंही मान डोलावली होती.

"पण दात पडताहेत, हे तरी सांगायचं ना आई! आपण डॉक्टरकडं गेलो असतो. कवळी बसवली असती."

"तुला तुजं सासरं ठावं न्हाईत," कौशल्याबाई म्हणाल्या. "हिंदुराव म्हटलं की दिघीत मान्सं उठून उबी ऱ्हायची. मंग त्येंचं दात गेलं. थोरल्या जावंनं त्येंला लापशी सुरू केली. आन् लापशी सुरू झाली तशी त्येंला कुनी काय इचारायचंच बंद झालं. रान कुनाला द्यायचं, पोरीचं लगीन कुटं करायचं, सम्दं त्येंच्या डोक्यावरनं. मऊ खानाऱ्या मान्साला कोन इचारतंय? वरीस काडलं आन् गेलं. म्हनून मी ग्वाष्ट दाबून धरली."

"मग बरणीत कशाला टाकला?"

एक कबूतर जाळीला चोच मारत होतं.

"भूक लागत्या गं," कौशल्याबाई म्हणाल्या. "सांगायचं तर व्हतं. पर सांगायला तोंड उगडावं लागतं. म्हटलं, तुमास्नीच गावू दे. गावला की इचारशाल."

पूनमच्या मनात दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो विचारू नये असं वाटत असतानाच तिनं विचारला, "आणि आधीचे? बाकीचे दात कुठं आहेत?"

कौशल्याबाईंनी तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत खोडी नव्हती, राग नव्हता. होतं ते नवल.

"त्येबी त्यातच टाकलं व्हतं की," त्या म्हणाल्या. "तुमास्नी कळलंच न्हाई."

पूनम उठून बेसिनकडं गेली. ओकारी आली नाही. नुसतं पाणी तोंडात घेऊन ती उभी राहिली आणि एकेक सकाळ तिच्या दातांवरून परत जायला लागली: ती सकाळ जेव्हा काहीतरी कट्कन वाजलं आणि तिनं अक्रोडाचं टरफल राहिलं म्हणून दुकानदाराला दोष दिला, ती सकाळ जेव्हा जयदीप मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला होता, या वेळी मस्त कडक झालाय, आणि भाग्यश्रीच्या घरी गेलेला तो डबा. कुणी चावलं, कुणी गिळलं, कुणाच्या पोटात काय गेलं, हे आता कधीच कळणार नव्हतं. आपण एका माणसाला रोज थोडं थोडं खात होतो आणि पौष्टिक म्हणत होतो. हा विचार आला तसा तिनं तो झटकला, पण तो गेला नाही. तो कुठंतरी हिरडीत जाऊन बसला.

मग तिनं हात धुतले. बरणीतला ग्रॅनोला सगळा परातीत ओतून उजेडात निवडला, गहू निवडावेत तसा, बोट प्रत्येक दाण्यावरून नेत. त्यात काही सापडलं नाही. तरी तो तिनं फेकून दिला. फडताळात परवाच भाजलेला दुसरा डबा होता, मनुका न घातलेला. तो मिक्सरला लावून त्याचं पीठ केलं. कढईत चमचाभर तुपावर ते पीठ परतलं, वास सुटल्यावर दूध घातलं, ढवळत राहिली. खीर नाही, पिठलं नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी दाटसर झालं. वेलदोड्याची पूड घालताना तिच्या ध्यानात आलं, की आपण लापशी केली आहे. ज्या वाटीला ही बाई भीत होती, तीच वाटी भरून आपण तिच्यापुढं नेतो आहोत. दुसरं काही सुचेना. तिनं वाटी नेली.

कौशल्याबाईंनी वास घेतला. पहिला चमचा तोंडात गेला आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. पण हात थांबला नाही. दुसरी वाटी झाली, तिसरी झाली. पूनम कढई खरवडून देत होती. शेवटी कौशल्याबाईंनी तिचं मनगट धरलं. धरण्यात इतकी ताकद होती, की पूनम दचकली. "जयदीपला लापशी सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "दात सांग. लापशी सांगू नगंस."

तिनं तसंच केलं. संध्याकाळी जयदीपला दातांचं सांगितलं, बरणीचं नाही. तो आधी चिडला, मग आईच्या पायाशी जाऊन बसला, आणि तिच्या बांगड्या मनगटाकडं सरकवत राहिला. त्या पुन्हा कोपराकडं जात होत्या. पुढचे आठवडे दाताच्या डॉक्टरकडं खेपा घालण्यात गेले. उरलेले काढले. हिरड्या भरेपर्यंत पूनम रोज सकाळी पीठ शिजवायची आणि वाटीत देण्याऐवजी कपात द्यायची, म्हणजे टेबलावर चहासारखं दिसायचं. दोघींमध्ये त्यावर एक शब्द होत नव्हता. कौशल्याबाईंच्या अंगावर हळूहळू मांस चढलं. पूनम मात्र काहीही खाताना आधी बोटांनी चाचपून बघायला लागली, भातसुद्धा.

कवळी बसली त्याच्या पुढच्या रविवारी जयदीप घरी होता. कौशल्याबाई आंघोळ करून बाहेर आल्या, खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "त्ये तुजं दानं दे." पूनमनं नवा केलेला ग्रॅनोला वाटीत घातला. दूध घालायला गेली तर त्यांनी हात आडवा केला. कोरडाच. मूठभर तोंडात टाकला आणि चावायला लागल्या, पदर खांद्यावर, तोंड उघडं. पांढरे, एकसारखे, तरण्या बाईचे दात त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यात हलत होते आणि चेहरा त्यांच्यामागून यायला उशीर करत होता. आवाज घरभर झाला. जयदीपनं मोबाइल खाली ठेवला. इतका वेळ कुणी एक घास चावत असतं का, असं पूनमला वाटलं. तिला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटत होतं. पण त्या चावता चावता तिच्याकडंच बघत होत्या.

घास गिळला. पाणी प्यायल्या. मग बोलल्या, आणि तो आवाज दोघांनीही पूर्वी कधी ऐकलेला नव्हता; मोठा, उघडा, प्रत्येक अक्षर दातावर आपटून बाहेर येणारा.

"दिघीचं घर तुमी इकलं. मला गाडीत बसवलं, हितं आनलं. मला कुनी इचारलं न्हाई."

"आई, ते आता कशाला..." जयदीप म्हणाला.

"आता इचार."

जयदीपनं पूनमकडं पाहिलं, ती काहीतरी बोलून हे थांबवेल या आशेनं. ही कोण बाई आपल्या टेबलाशी बसली आहे आणि ती आता काय काय सांगणार आहे, कुठपासून सांगणार आहे, हे पूनमला ठाऊक नव्हतं. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि कौशल्याबाईंच्या समोर बसली.

"सांगा आई," ती म्हणाली. "तुम्हाला काय हवं होतं?"